सामनची नदी राखायची, तर नेमकं काय राखायचं?

तुमचे प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पहिल्यांदा वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. नदीचा पट्टा संरक्षित म्हणून जाहीर केला की जंगली सामन मासा खरंच वाचतो का? स्थानिकांची भागीदारी म्हणतात ती प्रत्यक्षात काय असते? मत्स्यबीज केंद्रातून लाखो पिल्लं सोडता येतात, तर डोंगर विकत घेण्याचा आणि धरणं काढण्याचा एवढा खटाटोप कशासाठी? आणि यातलं काही सह्याद्रीतल्या नद्यांना लागू पडतं का?

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात, पॅसिफिक महासागराला मिळणाऱ्या छोट्या नद्यांच्या पाणलोटात मी बरीच वर्षं काम करते आहे. माझं मत आधी सांगून टाकते, कारणं मागून येतील. जी नदी अजून धडधाकट आहे ती आधी राखावी. उगमापासून खाडीपर्यंत सगळी राखावी. आणि राखण्याचा हक्क त्या नदीवर जगणाऱ्या माणसांच्या हाती कायद्याने द्यावा. हे शेवटचं जिथे राहून गेलं, तिथे बाकीचं नकाशावरच्या हिरव्या रंगापुरतं उरलेलं मी पाहिलं आहे.

आधी माशाकडे बघू. चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक, चम या पॅसिफिक सामनच्या जाती नदीत जन्मतात, समुद्रात वाढतात आणि अंडी घालायला बहुतेक करून जन्माच्याच ओढ्यात परततात. नदीत शिरल्यावर खाणं बंद होतं. अंडी घालून झाली की मासा मरतो. अस्वलं त्याला ओढत झाडीत नेतात, आणि काठच्या स्प्रूस झाडांच्या खोडात समुद्रातून आलेला नायट्रोजन सापडतो, तो या माशांचा. एका माशाच्या आयुष्यात डोंगरातला ओढा, खोऱ्यातली नदी, खाडी आणि महासागर असं सगळं येतं. यातलं एक जरी ठिकाण नासलं तरी बाकीची चांगली असून उपयोग होत नाही.

नोव्हेंबर-डिसेंबरात आम्ही कोहोची घरटी मोजायला ओढ्यांतून चालतो. छातीपर्यंत येणारी रबरी विजार, पाण्यावरची चकाकी मारणारा चष्मा, खिशात रंगीत फितीचं भेंडोळं. तळाचे गोटे शेवाळाने काळपट झालेले असतात. मादीने शेपटीने ते उपसले की तिथे दोन-तीन हात लांबीचा फिकट, धुतल्यासारखा डाग दिसतो. त्याच्या वरच्या अंगाला खळगा आणि खालच्या अंगाला खडीचा उंचवटा. अंडी त्या उंचवट्याखाली पुरलेली असतात. काठावरच्या फांदीला फीत बांधून तिच्यावर तारीख लिहायची, म्हणजे पुढच्या फेरीत तेच घरटं पुन्हा मोजलं जात नाही. ती अंडी हिवाळाभर तिथेच असतात. खडीच्या फटींतून थंड पाणी वाहत राहतं, त्यातला प्राणवायू त्यांना मिळतो. आता समजा, दोन-तीन किलोमीटर वर लाकूडतोडीसाठी काढलेला कच्चा रस्ता पावसात खचला. त्याचा बारीक गाळ वाहत आला, फटींत बसला, आणि अंडी गुदमरली. घरट्याजवळ कुणी पाऊलही ठेवलेलं नसतं. म्हणून नुसती घरट्यांची जागा राखून भागत नाही, तिच्या डोक्यावरचा डोंगर राखावा लागतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तापमानाचंही तसंच. पाणी 20 अंश सेल्सियसच्या वर चढलं की वर निघालेल्या सामनची ताकद झपाट्याने खचते, रोग पसरतात आणि मासे पुढे जायचं थांबवून थंड पाणी शोधू लागतात. सप्टेंबर 2002 मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्लॅमथ नदीच्या खालच्या पात्रात हेच झालं. नदीला पाणी कमी होतं, होतं ते कोमट होतं, मासे दाटीवाटीने अडकले आणि कल्ल्यांच्या रोगाची साथ आली. सरकारी अंदाज किमान 34,000 मेलेल्या माशांचा आहे, आणि त्यात बहुतांश चिनूक. नदीकाठच्या युरोक लोकांनी ती कुजलेली माशांची रास डोळ्यांनी पाहिली. त्यानंतर धरणांविरुद्धच्या लढ्याला जी धार आली ती आलीच.

क्लॅमथवर जरा थांबते, कारण तुमच्या पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं या एका नदीत सापडतात.

या नदीवर विजेसाठी बांधलेली चार धरणं होती. माशांना वर जायला वाटच नव्हती. युरोक, कारूक आणि इतर आदिवासी राष्ट्रांनी (अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमातींना असं म्हणतात) वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. धरणांची मालक कंपनी तेव्हा एका स्कॉटिश कंपनीच्या ताब्यात होती, तर 2004 मध्ये ही माणसं थेट स्कॉटलंडला भागधारकांच्या सभेपर्यंत जाऊन धडकली. शेवटी हिशोबही त्यांच्या बाजूने वळला. धरणांचा परवाना नव्याने घ्यायचा तर माशांना धरण चढून जाता यावं म्हणून पाण्याचे जिने बांधणं भाग होतं, आणि तो खर्च धरणं काढण्यापेक्षा जास्त निघत होता. 2023 मध्ये पहिलं धरण गेलं, उरलेली तीन 2024 मध्ये. काम संपलं त्याच ऑक्टोबरमध्ये ओरेगॉनच्या हद्दीतल्या एका उपनदीत चिनूक दिसला. 1912 नंतर तिथवर पोचलेला हा समुद्रातला पहिला सामन. वरची सुमारे 640 किलोमीटरची वाट मोकळी झाली.

धरणं पडतानाच्या चित्रफिती तुम्ही पाहिल्या असतील. त्याच नदीवरचं दुसरं काम फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि माझ्या लेखी ते तितकंच मोठं आहे. मुखापासून सुमारे 25 किलोमीटर वर ब्लू क्रीक नावाची उपनदी क्लॅमथला मिळते. समुद्रातून निघालेल्या माशाला लागणारा थंड पाण्याचा हा पहिला मोठा थारा. उन्हाळा सरता सरता मुख्य नदी तापलेली असते, तेव्हा संगमाच्या डोहात सामन येऊन अंग निववतात आणि मग पुढची चढण घेतात. हा थारा नसेल तर वर कितीही वाट मोकळी केली तरी तिथे पोचणार कोण?

ब्लू क्रीकच्या खोऱ्याचा खालचा भाग मात्र लाकूड कंपनीच्या मालकीचा होता. मुळात ती युरोकांची भूमी, 19व्या शतकात त्यांच्या हातून गेलेली. शंभराहून अधिक वर्षं तिथे तोड चालली, उतारांवर रस्त्यांचं जाळं पडलं, आणि प्रत्येक रस्ता पावसाळ्यात गाळ सोडत राहिला. वेस्टर्न रिव्हर्स कॉन्झर्व्हन्सी या ओरेगॉनच्या संस्थेने 2009 पासून ही जमीन टप्प्याटप्प्याने विकत घ्यायला सुरुवात केली. एकूण सुमारे 47,000 एकर, किंमत 5.6 कोटी डॉलर. एवढा पैसा एका देणगीदाराकडून येत नाही. खाजगी देणग्या, कमी व्याजाची कर्जं, करसवलतींच्या योजना, उभ्या जंगलाच्या कार्बन क्रेडिटची (झाडांनी साठवलेल्या कार्बनच्या प्रमाणपत्रांची) विक्री असं जिथून मिळेल तिथून जमवत गेले. घेतलेली जमीन संस्थेने स्वतःकडे ठेवली नाही आणि सरकारी उद्यानालाही दिली नाही. टप्प्याटप्प्याने ती युरोकांच्या नावावर केली. 2025 मध्ये शेवटचा, जवळजवळ 15,000 एकरांचा टप्पा त्यांच्याकडे गेला. आता खोऱ्याचा काही भाग सामनचं अभयारण्य आहे आणि उरलेला युरोकांचं सामुदायिक वन.

उद्यानाला का नाही दिली, असं मला पुष्कळजण विचारतात. उद्यान केलं असतं तर पाटी लागली असती आणि तोड थांबली असती, हे खरं. पण या खोऱ्यात तोड थांबवून भागणार नव्हतं. जुने रस्ते उखडून उतार पूर्ववत करायचे, दाटीने वाढलेली कोवळी झाडं विरळ करायची, झाडोऱ्याने गिळलेली डोंगरमाथ्यावरची गवताळ मैदानं नियंत्रित आग लावून परत आणायची, असं पिढ्यानपिढ्या पुरणारं काम समोर होतं. युरोकांकडे स्वतःचा मत्स्यविभाग आहे, स्वतःचे जीवशास्त्रज्ञ आहेत, आग कधी आणि कुठे लावायची याचं ज्ञान घराघरांत आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यांना तिथून कुठेही जायचं नाही. अधिकाऱ्याची बदली होते, संस्थेचा प्रकल्प तीन वर्षांत संपतो. राखणदार म्हणून तिथेच राहणाऱ्या माणसाची जागा दुसरं कुणी घेऊ शकत नाही.

भागीदारी या शब्दाने मला अनेकदा अस्वस्थ व्हायला होतं. बैठकीला बोलावलं, चहा पाजला, सह्या घेतल्या, झाली भागीदारी! ज्याला नकार द्यायचा अधिकार नाही तो भागीदार नसतो, श्रोता असतो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर आदिवासी राष्ट्रं आज सामनच्या व्यवस्थापनात सरकारच्या बरोबरीने बसतात, ते कुणाच्या मोठ्या मनामुळे नाही. 1969 मध्ये रेमंड मॅट्झ या युरोक मच्छीमाराची जाळी जप्त झाली. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि 1973 मध्ये जिंकला. वॉशिंग्टन राज्यात निस्क्वाली राष्ट्राचे बिली फ्रँक ज्युनियर स्वतःच्या नदीत मासे धरले म्हणून पन्नासहून अधिक वेळा अटकेत गेले. 1974 मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला, की 1850 च्या दशकात या राष्ट्रांनी अमेरिकी सरकारशी केलेल्या करारांनुसार पकडता येण्याजोग्या माशांचा निम्मा वाटा या राष्ट्रांचा आहे. वाटा मिळाला तशी नदीच्या तब्येतीवर बोलण्याची ताकदही आली. मासाच उरला नाही तर निम्मा वाटा कशाचा, हा प्रश्न घेऊन ते पुन्हा न्यायालयात गेले. राज्याच्या रस्त्यांखालच्या ज्या मोऱ्या माशांची वाट अडवतात त्या राज्यानेच दुरुस्त कराव्यात, असा निकाल 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाला.

मोऱ्या हा माझ्या रोजच्या कामाचा विषय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. रस्ता ओढ्यावरून न्यायचा तर स्वस्तात पत्र्याचा गोल नळ टाकतात. नळातून पाणी जोरात पडतं, खालच्या अंगाला तळ खणत जातं, आणि काही वर्षांत नळाचं तोंड कमरेच्या उंचीवर लटकू लागतं. मोठा सामन एखादवेळी उडी मारेल. पण उन्हाळ्यात थंड पाण्याच्या शोधात ओढ्यात वर सरकणारं बोटभर कोहोचं पिल्लू तिथेच अडतं. वरचा दोन किलोमीटरचा उत्तम ओढा त्याच्यासाठी नसल्यात जमा. उपाय सोपा आहे. नळ काढायचा आणि ओढ्याच्या पात्रापेक्षा रुंद, बिनतळाची कमान बसवायची, म्हणजे आतून नैसर्गिक गोट्यांचा तळ सलग जातो. काम उन्हाळ्यातच, पाणी कमी असताना. खोदण्याआधी वर-खाली जाळी लावून मधले सगळे मासे धरून वरच्या पाण्यात सोडायचे, आणि काम चालू आहे तोवर ओढा पाइपातून बाजूने काढायचा.

अवघड असतो तो जमीनमालकाच्या स्वयंपाकघरातला तास. आमच्याकडे सखल भागात दुभत्या गाईंचे गोठे आहेत. एका शेतकऱ्याकडे आमचे लोक कोहोची माहितीपत्रकं घेऊन दोनदा जाऊन आले होते, त्याने दारातूनच बोळवण केली होती. नंतर गेलो तेव्हा सामनचा विषय आम्ही काढलाच नाही. मोरी दर हिवाळ्यात तुंबते का, एवढंच विचारलं. तुंबत होती. पाणी कुरणात शिरत होतं, गाई आठवडाभर चिखलात उभ्या राहत होत्या, खुरांना रोग होत होता. कमान बसवायला तो लगेच तयार झाला. पुढच्या वर्षी काठावर कुंपण घालून विलो लावायलाही तयार झाला, कारण किनारा ढासळून त्याचंच कुरण जात होतं. ओरेगॉनमध्ये अशी कामं पाणलोट समित्या करतात. शेतकरी, लाकूड कंपन्या, मच्छीमार, आदिवासी राष्ट्रं असे सगळे एका टेबलाभोवती असतात, आणि पैशाचा मोठा भाग राज्याच्या लॉटरीच्या उत्पन्नातून येतो. मतदारांनी 1998 मध्ये तशी घटनादुरुस्तीच करून ठेवली आहे. त्यामुळे सरकार बदललं म्हणून निधी आटत नाही.

भांडणाऱ्या पक्षांनाही एकत्र बसवता येतं. ऑक्टोबर 2021 मध्ये ओरेगॉनच्या लाकूड कंपन्या आणि संवर्धन संस्था यांच्यात खाजगी जंगलांबाबत समझोता झाला आणि 2022 मध्ये त्याचा कायदा झाला. एक कोटीहून अधिक एकर खाजगी जंगलात ओढ्यांकाठी जास्त रुंद झाडी राखणं, धोक्याच्या उतारांवर तोड टाळणं, जुने रस्ते तपासून दुरुस्त करणं आता बंधनकारक आहे. दोन्ही बाजू निवडणुकीत सार्वमत लढवायच्या तयारीत होत्या. लढलो तर कोण जिंकेल सांगता येत नाही, या भीतीने दोघांना जवळ आणलं. अशी भीती कामाची असते.

आता 'चांगली नदी आधी' या मुद्द्याकडे येते. माझ्या क्षेत्रातली बरीच मंडळी यावर नाराज होतात, कारण आपण आजाऱ्याला सोडून निरोग्याची काळजी घेतोय असं वाटतं. पण कोलंबिया नदीकडे पाहा. धरणांनी तोडलेल्या त्या खोऱ्यात सामन सावरण्यासाठी चार दशकांत 9 अब्ज डॉलरहून अधिक सार्वजनिक पैसा गेला, आणि जंगली सामन वाढल्याचा ठोस पुरावा 2023 च्या अभ्यासाला सापडला नाही. दुसरीकडे अलास्काचा ब्रिस्टल उपसागर. धरण नाही, खाण नाही. 2022 मध्ये तिथे विक्रमी सुमारे 7.9 कोटी सॉकाय परतले. तिथे सॉकायची एकच फौज नाही, शेकडो वेगवेगळ्या वस्त्या आहेत. कुणी तळ्याच्या काठच्या वाळूत अंडी घालतं, कुणी गुडघाभर ओढ्यात, कुणी मोठ्या नदीच्या पात्रात. कुणी आधी येतं, कुणी महिन्याने. एखाद्या वर्षी एकीचं बिघडलं तर दुसरी भरून काढते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडलेला हिशोब असा, की हे वैविध्य नसतं आणि एकच एकजिनसी वस्ती असती, तर वर्षावर्षातला चढउतार दुपटीहून जास्त असता आणि मासेमारी बंद ठेवण्याची पाळी दहापट वेळा आली असती. हे वैविध्य एकदा गेलं की पैसा ओतून परत आणता येत नाही. म्हणून ते आहे तिथे आधी राखायचं.

तिथे पेबल नावाची तांबं-सोन्याची प्रचंड खाण येऊ घातली होती. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने 2014 मध्ये बंदीचा प्रस्ताव मांडला, 2019 मध्ये मागे घेतला, आणि जानेवारी 2023 मध्ये अखेर बंदी घातली. सरकारी संरक्षणाचं हे असं असतं, खुर्ची बदलली की सही बदलते. त्याच सुमारास इलियाम्ना तळ्याच्या काठच्या पेड्रो बे या छोट्या आदिवासी गावाच्या महामंडळाने आपल्या 44,000 एकर जमिनीवर संवर्धन-करार केला. अशा करारात जमीन मालकाचीच राहते, सातबाऱ्यावर नाव त्याचंच, पण तिथे खाण-रस्ता-बांधकाम करण्याचा हक्क तो कायमचा विकून टाकतो. पुढचा मालकही त्याने बांधलेला राहतो. गावाला सुमारे 2 कोटी डॉलर मिळाले, शिकार-मासेमारीचा हक्क शाबूत राहिला. आणि खाणीतला माल बाहेर काढायचा उत्तरेकडचा नियोजित रस्ता नेमका याच जमिनीवरून जाणार होता. मंत्रालयातल्या सहीपेक्षा मला हा दस्तऐवज भक्कम वाटतो.

उलट बाजूही सांगायला हवी. रशियाच्या कामचाटकात 2006 मध्ये कोल नदीचं अख्खं खोरं, सुमारे 2.2 लाख हेक्टर, सामनसाठी राखीव झालं. उगमापासून समुद्रापर्यंत एका नदीचं असं संरक्षण म्हणजे त्या काळात मोठीच गोष्ट होती. पण कामचाटकात खरा शत्रू चोरटी मासेमारी. मादीचं पोट फाडून गाभोळी काढायची आणि मासा तिथेच फेकायचा, कारण लाल कॅव्हियारला भाव आहे आणि दूरच्या गावांत दुसरी कमाई नाही. तिथे सीमारेषेपेक्षा गस्त आणि गावातल्या माणसाचा रोजगार यांवर नदीचं भवितव्य ठरतं.

आणि एक गोष्ट जड मनाने लिहावी लागते. नदी उत्तम राखूनही मासा जाऊ शकतो. युकॉन ही उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत कमी बिघडलेल्या मोठ्या नद्यांपैकी एक. तरी तिथला चिनूक इतका घटला, की एप्रिल 2024 मध्ये अमेरिका आणि कॅनडाने सात वर्षं, म्हणजे माशाची एक अख्खी पिढी, त्याची मासेमारी बंद केली. तापलेला समुद्र आणि तापलेली नदी, दोन्हींचा हात यात आहे. काठावरच्या गावांत मासे सुकवायच्या माच्या रिकाम्या पडल्या आहेत, आणि मुलांना मासा चिरायला शिकवायचं तर मासाच नाही. संरक्षित क्षेत्राने समुद्र थंड होत नाही, हे कुणीही कबूल करायला हवं. मात्र समुद्रात दिवस बरे आले तर परतायला जागा हवी, ती नदीच देते.

आता मत्स्यबीज केंद्र. कोलंबियाच्या खोऱ्यात ती 1877 पासून आहेत, म्हणजे प्रयोगाला पुरेसा वेळ मिळालेला आहे. ओरेगॉनच्या हूड नदीतल्या स्टीलहेडवर, म्हणजे सामनच्या जवळच्या भाईबंदावर, झालेल्या अभ्यासात 2007 मध्ये असं दिसलं, की बंदिस्त वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे जंगलात पिल्लं देण्याची क्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घसरते. सिमेंटच्या टाकीत टिकायला लागणारे गुण वेगळे, नदीत टिकायला लागणारे वेगळे. असे मासे जंगली माशांत मिसळले की ही कमजोरी त्यांच्यातही उतरते. तरी केंद्रं सरसकट बंद करा असं मी म्हणणार नाही. जिथे धरणाने नदीच हिरावली आणि करारातला मासा लोकांच्या ताटात पडायला हवा, तिथे ती लागतात. पण निरोगी नदीत बाहेरची पिल्लं सोडायला माझा ठाम विरोध आहे.

याचा धडा शोधायला अमेरिकेत यायची गरज नाही. लोणावळ्यात कृत्रिम प्रजननाने वाढवलेली निळ्या परांच्या महसीर या नदीतल्या माशाची पिल्लं 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून कावेरीत सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण कावेरीतला स्वतःचा, पाठीला कुबड असलेला महसीर मागे पडत गेला आणि 2018 पासून तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्यामागे धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी अशीही कारणं आहेत, पण बाहेरून आणलेल्या भावंडाने त्याची जागा घेतली हे संशोधकांनी दाखवलेलं एक मोठं कारण. नदीत पिल्लं सोडण्याचा कार्यक्रम तुमच्या गावात ठरला, तर ती कुठल्या नदीची आणि कुठल्या जातीची, एवढा प्रश्न जरूर विचारा.

सह्याद्रीत राखलेले डोह आहेतच. वैतरणेवर तिळसेचा, महाडजवळ काळ नदीवरचा वाळणकोंडीचा. देवाचे मासे म्हणून तिथे कुणी गळ टाकत नाही. हे संरक्षण कुठल्याही खात्याने सुचवलेलं नाही, लोकांनी पाळलेलं आहे. त्याची मर्यादा एवढीच, की ते डोहापुरतं असतं. वरचा ओढा आणि डोंगर त्यात येत नाही. कायद्याची वाटही आहे. आंबोलीत हिरण्यकेशी मंदिराजवळच्या कुंडात 2020 मध्ये शोध लागलेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या इवल्याशा माशासाठी 2021 मध्ये राज्याने जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. क्षेत्र 2.11 हेक्टर. पाऊल छोटं आहे, पण माशासाठी जागा राखता येते हे त्याने सिद्ध केलं. जैवविविधता कायद्यानुसार असं स्थळ स्थानिकांशी बोलूनच ठरवायचं असतं, आणि गावची जैवविविधता समिती असतेच. बऱ्याच ठिकाणी ती फक्त फलकावर असते, हेही खरं.

तुम्ही कुठून सुरुवात कराल, तर माझा सल्ला असा. ठराव आणि पाट्या नंतर. आधी एप्रिल-मे मध्ये नदी पायी चालून काढा, आणि ज्यांचं बालपण त्या नदीत गेलं अशा दोघा-तिघा वयस्कर माणसांना बरोबर घ्या. पाणी कुठे टिकतं, कुठल्या डोहात खालून झरा लागतो, कुठे पंप बसलेत, वाळू कुठून उचलली जाते, कुठल्या बंधाऱ्याखाली मासे पावसाळ्याच्या सुरुवातीला अडून साचतात, हे सगळं नकाशावर मांडा. पाण्याचं तापमान तासातासाला नोंदवणारं यंत्र आज मुठीत मावतं; ते चार-पाच डोहांत बांधून वर्षभर ठेवा. ती माहिती गावच्या जैवविविधता नोंदवहीत लिहून घ्या आणि ग्रामसभेत वाचा. पहिल्या वाचनाला बहुधा भांडण होईल, कारण पंपवाला समोरच बसलेला असेल. होऊ द्या. त्याला किती पाणी लागतं आणि कुठल्या महिन्यात लागतं, हे तिथेच लिहून घ्या.